परदेशात एकल पालकांना सरकार सांभाळतं, आपल्याकडे नातेवाईक. मग आपलंच बरं नाही का?

ज्याला सांभाळलं, त्याला हा प्रश्न कधी कुणी विचारत नाही. मी त्यातला, म्हणून लिहितोय.

आमचं गाव निपाणीजवळ, म्हणजे कर्नाटकात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. वडील कामाला इचलकरंजीला गेले आणि तिथंच दुसरा संसार मांडला. आई आम्हा दोघा भावांना घेऊन माहेरी आली. मामांनी पडवी दिली, हे खरं. त्या पडवीत बसून आई रात्री उशिरापर्यंत विड्या वळायची, पण विडी कामगाराचं पासबुक मामीच्या नावावर. म्हणजे पीएफ मामीचा, आणि विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती असते ती मामेभावाला. अजून लग्नकार्यात मामा चारचौघांत म्हणतात, "आम्ही होतो म्हणून ही पोरं शिकली." मामा, तुमचा पोरगा कुणाच्या विड्यांवर शिकला?

संयुक्त राष्ट्रांच्या 2019 च्या अहवालात भारतातली 4.5 टक्के घरं एकट्या आईची आहेत, आणि त्यांतली 38 टक्के गरीब; आईबाप दोघं असलेल्या घरांत हेच प्रमाण 22.6. भावाच्या पडवीत राहणारी बाई त्या 4.5 मध्ये धरलेलीच नाही.

विधवेला पेन्शन तरी आहे. नवऱ्यानं टाकलेलीकडे ना मृत्यूचा दाखला, ना कोर्टाचा कागद. 2023 पासून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2000 रुपये येतात, ते रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला. आमच्या गल्लीतल्या एकीचं नाव अजून सासूच्या कार्डावर आहे, त्यामुळं पैसे सासूला. पलीकडची लाडकी बहीण आम्हाला लागू नाही. पोटगीचा हुकूम झाला तरी नवरा सीमेपलीकडं, वॉरंट इकडून तिकडं फिरत राहतं.

जर्मनीत बाप पोटगी देईना तर सरकार आधी पोराला पैसे देतं आणि मग बापाच्या मागं लागतं. 2017 पासून हे वयाच्या 18 पर्यंत मिळतं. मला हवं ते एवढंच. मात्र परदेश म्हणजे सगळा जर्मनी नव्हे. जपानमध्ये बहुतेक एकट्या आया नोकरी करतात, तरी 2021 च्या आकड्यांनुसार एकल पालकांच्या घरांतले 44.5 टक्के लोक गरिबीत.

मामांनी हाकललं नाही, आईच्या आजारपणात दवाखान्यात रात्री काढल्या, हेही लिहायला हवं. पण आसरा देणं वेगळं आणि कमाईवर नाव लावणं वेगळं.

कुणी बाई हे वाचत असेल तर आधी रेशनकार्ड वेगळं करा. विडीचं पासबुक आणि ओळखपत्र स्वतःच्याच नावावर घ्या, वहिनी कितीही गोड बोलली तरी. पोरांच्या पासपोर्टला बापाचं नाव लागत नाही, 2016 च्या डिसेंबरपासून एका पालकाचं पुरतं. माझा तसाच निघालाय. बापाची सही आणल्याशिवाय होणार नाही, असं मामा छातीठोक सांगत होते.