कलिंगड-फेटा चीज: आधी पाणी आवरा

काडीवर टोचलेलं फळ-चीज पहिल्यांदाच करताय, तर कलिंगड आणि फेटा चीजपासून सुरुवात करा. कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि मीठ लागलं की ते सुटायला लागतं. म्हणून २ सेंटिमीटरच्या फोडी चाळणीत निथळू द्या, मग कोरड्या टिपून घ्या. फेटा मिठाच्या पाण्यात मुरलेलाच असतो, त्यामुळे वरून मीठ अजिबात नको. चुरा केलेला घेऊ नका; अखंड तुकडा घेतला तर काडीवर नीट टोचता येतो. पुदिना हातानेच तोडा. लिंबू, मिरपूड अगदी वाढताना. फळ थंडगार हवं, चीज मात्र २० मिनिटं आधी फ्रिजमधून काढा, फार गार असलं तर त्याची चव जिभेला कळतच नाही. आंबा वापरणार असाल तर मोझरेला घ्या. फेटा आंब्यावर कुरघोडी करतो.