इळा, त्विषा की मायरा?

सर्वप्रथम अभिनंदन! आडनाव पाच अक्षरी, म्हणून मुलीला दोन अक्षरी आणि सहसा कुणाचं नसलेलं नाव हवंय, आणि गाडी इळा, त्विषा, मायरा या तिघींपाशी अडली आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मुलीचं नाव द्युती. त्यामुळे या वाटेवरचे काटे मी मोजून ठेवलेत.

मायरा आधी बाजूला काढा. एक तर ते तीन अक्षरी आहे. शिवाय नावांच्या याद्यांत त्याच्यापुढे 'संस्कृत, अर्थ लाडकी' असं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. राजस्थानीत मामाकडून लग्नात येणाऱ्या आहेराला मायरा म्हणतात! यादीतला अर्थ शब्दकोशात पडताळल्याशिवाय कुठलंच नाव पक्कं करू नका.

त्विषा खरा शब्द आहे, अर्थ तेज. पण लहान नावाची सुरुवातच जोडाक्षराने झाली की ऐकणाऱ्याला ते पकडता येत नाही. लांब नावातलं एखादं अक्षर निसटलं तरी बाकीची सांभाळून घेतात; इथे एक गेलं की अर्धं नाव गेलं. 'द्युती' म्हटलं की समोरून 'श्रुती?', 'धृती?' आणि एकदा तर चक्क 'दूती?' असं आलंय. त्विषाचं रोमन लिपीत ट्विशा होणार, आणि मराठीत परतताना ती ट्विशाच राहणार.

इळा मात्र मला मनापासून आवडलं. ऋग्वेदात इळा, सरस्वती आणि मही या तीन देवींची नावं एकत्र येतात. सरस्वती सगळ्यांना ठाऊक, उरलेल्या दोघी विस्मरणात गेल्या. म्हणजे तुम्हाला हवं तसं वेगळेपण आयतंच मिळतंय. अडचण एवढीच की बोलीभाषेत विळ्यालाही इळाच म्हणतात. (मही घेतलंत तर मराठवाडी बोलीत त्याचा अर्थ 'माझी'. लेकीसाठी याहून गोड काय असणार, पण 'मही कुठंय?' या प्रश्नाला उत्तर देणं अवघड!) इळातला ळ रोमन लिपीत टिकणार नाही, तिथे इला होईल. इला म्हणजे पुराणातली पुरूरव्याची आई, तेही नाव छानच. ती निम्म्या जगासाठी इला झाली तरी चालणार असेल, तर खुशाल इळा ठेवा.

आणखी एक. नाव नुसतं लिहून बघू नका, दोन खोल्या पलीकडून हाक मारून बघा. आकारान्त नाव मराठीत हाकेला बदलतं: उमाची उमे, तशी इळाची इळे. ते कानाला खटकत असेल तर ईकारान्त बघा. उर्वी (पृथ्वी, मूळ अर्थ विस्तीर्ण), ऊर्मी (लाट), शची (इंद्राणी). यांतली उर्वी तुमच्या लांब आडनावापुढे ठसठशीत वाटेल.

आणि आजीच्या पिढीतली नावं का टाळताय? उषा घ्या. ऋग्वेदात तिच्यावर सुमारे २० सूक्तं आहेत, उच्चार कुणाचा चुकत नाही, आणि हल्लीच्या बाळांत मला तरी एकही उषा भेटलेली नाही. द्युतीच्या वेळी हे सुचलं असतं तर मी तेच ठेवलं असतं. द्युतीला हे सांगू नका.