मान आखडते, सायकल बदलू की हँडल?

प्रश्न : वय ४८. कामावर जाऊन-येऊन रोज १६ किलोमीटर सायकल चालवतो. सरळ हँडलची एमटीबी (माउंटन बाइक) आहे. पंधरा मिनिटांत मान आखडते, खांदे भरून येतात. दुकानदार हायब्रिड, म्हणजे एमटीबी आणि रेसिंग सायकल यांच्या मधली, घ्या म्हणतो. घरचे म्हणतात, दूधवाल्यासारखी ताठ बसायची सायकल घ्या. काय घ्यावं?

उत्तर : नावावर जाऊ नका. ‘हायब्रिड’ म्हणून काहीही विकतात. काहींवर रेसिंग सायकलीइतकंच ओणवं बसावं लागतं. हँडल सीटपेक्षा किती वर आणि सीटपासून किती लांब, एवढंच बघा. ते खाली आणि लांब असलं की धड झुकतं, रस्ता दिसावा म्हणून मान मागे मोडावी लागते आणि हातांवर आलेला भार खांदे सोसतात.

पैसे घालण्याआधी आहे ती सायकल तपासा. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टेकवलेल्या टाचेने पाय सरळ व्हावा, ही सीटची उंची. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि हातांनी स्वतःला मागे रेटत राहता. सीट समतल करा. हँडल जवळ यावं म्हणून ती पुढे मात्र सरकवू नका, भार उलट हातांवरच वाढतो.

मग स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा तुकडा. तो फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) नळीत उतरणारा, जुन्या पद्धतीचा असेल तर वरचा बोल्ट सैल करून वर ओढता येतो. दांड्यावरची मर्यादेची खूण मात्र बाहेर दिसता कामा नये. नळीला बाहेरून आवळणारा असेल तर त्याच्यावर असलेल्या चकत्या खाली घाला, किंवा स्टेम उलटा बसवून घ्या. आधी वरच्या टोपीच्या बोल्टने बेअरिंगची ढिलाई काढायची, मगच बाजूचे बोल्ट आवळायचे. हा क्रम चुकला की ब्रेक मारताना पुढचा भाग खडखडतो. एवढं पुरलं नाही तर आखूड, वर चढता स्टेम घ्या. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, केबल ताणली तर ती बदलावी लागेल.

नव्या एमटीबींचं हँडल बहुधा ७२० ते ७८० मिलिमीटर रुंद असतं. शहरात ६०० ते ६४० पुरतं. हँडलची टोकं कापून घेण्याआधी ग्रिप आणि ब्रेकचे लिव्हर आत सरकवून आठवडाभर चालवा.

तरीही दुखलं तर सायकल बदला. हँडल सीटपेक्षा ५ ते १० सेंटिमीटर वर, टोकं किंचित मागे वळलेली, अशी सिटी सायकल तुम्हाला ठीक. दूधवाल्याच्या सायकलीवर मान सुटते, पण सगळा भार बैठकीवर येतो आणि खड्ड्याचा दणका थेट कमरेत जातो. स्प्रिंगची सीट असेल तरच तिचा विचार करा. तुम्हाला पंधराव्या मिनिटाला दुखतं, तेव्हा दुकानासमोरच्या दोन फेऱ्यांवरून काही कळणार नाही. अर्धा तास चालवायला मागा. पाठीवरची सॅक कॅरिअरवर टाका, हेल्मेटचा पुढचा छज्जा काढता येत असेल तर काढा. त्याच्याखालून बघायला मान आणखी उचलावी लागते.

बोटांना मुंग्या येत असतील किंवा पकड सुटत असेल तर मात्र सायकलवाल्याआधी डॉक्टरांकडे जा.