अमेरिकेत विधानसभेत दोन्ही पक्ष समसमान आले, तर आमदार काम कसं करतात? मूळनिवासी जमातींच्या कामांचं काय होतं?

ताजं उदाहरण मिनेसोटाचं. २०२४च्या निवडणुकीत १३४ जागा ६७-६७ अशा वाटल्या गेल्या. डेमोक्रॅटांची एक जागा कोर्टकज्ज्यात रिकामी झाली, तेवढ्यात रिपब्लिकनांनी अध्यक्षपद गाठायची घाई केली आणि डेमोक्रॅट आमदार तीन आठवडे सभागृहात फिरकलेच नाहीत. गणपूर्तीला ६८ लागतात असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर तडजोड झाली: अध्यक्ष रिपब्लिकन लिसा डेमथ, आणि पोटनिवडणुकीनंतर बरोबरी झाली की बहुतेक समित्यांवर दोन सह-अध्यक्ष.

आपल्याकडे समान मतं पडली तर अध्यक्ष निर्णायक मत देतात. तिथे तशी सोय नाही. विधेयकाला ६८ मतं हवीतच, म्हणजे समोरच्या बाकावरचा निदान एक तरी आमदार पटवायचा. आमदाराचा आठवडा त्यातच जातो म्हणा ना!

जमातींचं गणित वेगळं. मिनेसोटात ११ जमाती आहेत, सात ओजिब्वे आणि चार डकोटा, आणि त्या स्वतःला सार्वभौम राष्ट्रं मानतात. त्यामुळे आमदार त्यांच्याकडे मतदार म्हणून नव्हे, दुसरं सरकार म्हणून जातो (निदान जायला हवा). २०२१च्या कायद्याने राज्याच्या खात्यांना त्यांच्याशी सल्लामसलत सक्तीची केली. अप्पर सू एजन्सी हे राज्य उद्यान डकोटांना परत द्यायचा कायदा २०२३चा, तेव्हा दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडे होती. बरोबरीच्या सभागृहात तो इतका सहज झाला असता, असं मला वाटत नाही.