जुनी तांब्याची नाणी घरी चिंचेने घासून स्वच्छ करावीत का?

शिवराई (शिवाजी महाराजांनी सुरू केलेले तांब्याचे नाणे) देवघरातल्या तांब्यासारखी चिंच-मिठाने मुळीच घासू नये. आम्लाने मळाबरोबर वर्षानुवर्षे जमलेला तपकिरी थरही विरघळतो, नाणे गुलाबीसर उघडे पडते आणि पुण्याच्या जुन्या बाजारातला जाणकार ते पाहताच बाजूला सारतो. त्याऐवजी नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच) दोन-तीन दिवस बुडवून ठेवावे, पाणी रोज बदलावे, ‘श्री राजा शिव’ या अक्षरांच्या खाचांत अडकलेली माती लाकडी टूथपिकने हलकेच सोडवावी आणि मऊ सुती कापडाने न घासता टिपून घ्यावे. पूजेतला चांदीचा रुपया काळवंडला असेल, तर तो ॲल्युमिनियम फॉइलवर ठेवून खाण्याचा सोडा घातलेले गरम पाणी ओतावे. चांदीवरचे गंधक ॲल्युमिनियम ओढून घेते. संग्रहातल्या रुपयावर मात्र हा प्रयोग नको.