रेस दिली की इंजिनातून बारीक कुंई आवाज येतो, अल्टरनेटर बदलू का?

भाऊ, अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनाच्या जोरावर बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाला, अजून हात लावू देऊ नका. तुम्ही लिहिलंय की गाडी आठ वर्षं जुनी डिझेल आहे, उभ्या गाडीतही रेस दिली की कुंई आवाज चढत जातो, मिस्त्रीने बेल्ट (इंजिनाच्या पुढचा, अल्टरनेटर वगैरे फिरवणारा पट्टा) नवा टाकला तरी फरक नाही आणि आता तो अल्टरनेटर बदला म्हणून मागे लागलाय. एवढ्यावरून अल्टरनेटर दोषी ठरत नाही. तो फक्त संशयितांपैकी एक आहे.

सैल किंवा वाळलेला बेल्ट किंचाळतो. सकाळच्या पहिल्या स्टार्टला नाहीतर पावसात भिजल्यावर त्याचा आवाज मोठा येतो आणि बहुतेकदा थोड्या वेळात बसतो. रेससोबत सूर चढवत नेणारा, कानाशी डास गुणगुणावा तसा एकसारखा आवाज बहुधा बेअरिंगचा, म्हणजे फिरणारा भाग ज्या गोळ्यांच्या कड्यावर फिरतो त्याचा असतो. त्यामुळे बेल्ट बदलून तो गेला नाही, यात नवल नाही. उलट मिस्त्रीला विचारा, नवा बेल्ट किती ताणलाय? ज्या गाड्यांत ताण हाताने बोल्ट फिरवून द्यावा लागतो, तिथे बेल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला की चांगल्या बेअरिंगवरही जोर येतो आणि तेही आवाज करू लागतं. बेल्ट बदलल्यावर आवाज वाढला असेल, तर आधी ताण बघायचा.

आता घरी करता येईल ते सांगतो. बोनेट उघडा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. बाह्या वर करा. ओढणी, दुपट्टा, गळ्यातली साखळी काही लोंबकळत नको. आयडलवर (रेस न देता) आवाज ऐका, मग घरातल्या कोणाला क्लच दाबायला सांगा. क्लच दाबल्यावर आवाज गेला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, दाबल्यावरच सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग. दोन्हीत फरक पडला नाही तर पुढच्या बाजूला, बेल्टकडे या.

गाडीत पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची डबी आहे का बघा. आजकालच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत स्टिअरिंग इलेक्ट्रिक असतं, तिथे हा पंपच नसतो. डबी असेल तर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. शेवटाला पोचल्यावर दोन-तीन सेकंदांच्या वर धरून ठेवू नका. वळवताना आवाज जोरात झाला तर तेलाची पातळी बघा. तेलात फेस असेल तर कुठून तरी हवा घुसतेय. नुसतं तेल भरून थांबू नका, गळती शोधा.

मग हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचं हीटर एकदम चालू करा. आवाज जड झाला किंवा त्याचा सूर बदलला तर अल्टरनेटरवरचा संशय वाढतो. अशा वेळी बॅटरीवर मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट आणि चालू असताना 13.5 ते 14.5 च्या दरम्यान दिसलं तर चार्जिंग ठीक आहे. आवाज अल्टरनेटरचाच असेल आणि चार्जिंग ठीक असेल, तर बहुधा त्याची बेअरिंगं गेलीत. ऑटो इलेक्ट्रिशियन ती दाबून काढतो आणि नवी बसवतो. काही शे रुपयांच्या बेअरिंगसाठी हजारोंचा अल्टरनेटर फेकायचा हे मला पटत नाही.

एसीबद्दल एक गोष्ट बरेच जण विसरतात. एसी बंद असला तरी कॉम्प्रेसरची पुली (बेल्ट ज्यावर चढवलेला असतो ते चाक) बेल्टबरोबर फिरतच असते आणि तिच्या आत बेअरिंग असतं. म्हणून ‘एसी बंद करूनही आवाज आहे, म्हणजे कॉम्प्रेसर ठीक’ असं धरून चालू नका.

खरा निकाल मात्र बेल्ट काढल्यावरच लागतो. हे मिस्त्रीकडे करा, पण समोर उभे राहा. इंजिन थंड असताना बेल्ट उतरवायचा आणि जेमतेम अर्धा मिनिट गाडी चालू करायची. त्याहून जास्त नाही, कारण काही गाड्यांत वॉटर पंप याच बेल्टवर असतो. बॅटरीचा दिवा लागेल, तो लागणारच. आवाज गायब झाला तर दोष बेल्टवर चालणाऱ्या भागांतच आहे. आता इंजिन बंद करून एकेक पुली बोटांनी फिरवा. चांगल्या आयडलरच्या (बेल्टला नुसती दिशा देणाऱ्या मोकळ्या पुलीच्या) आत ग्रीस असतं, त्यामुळे तो जरा जड फिरतो, आवाज न करता एखाद-दोन फेऱ्यांत थांबतो. खराब झालेला सुसाट फिरत राहतो आणि कान जवळ नेला की आत वाळू असल्यासारखी खरखर ऐकू येते. बहुतेक लोक मोकळं फिरणारं बेअरिंग चांगलं समजतात. इथे ते उलट आहे: मोकळं झालंय म्हणजे ग्रीस संपलंय. पुली धरून आडवी हलवूनही बघा, खेळ जाणवायला नको. सीलभोवती तांबूस भुकटी दिसली तर आत गंज आहे. वॉटर पंपाखाली कुलंट सुकल्याचा पांढरट, हिरवा किंवा गुलाबी डाग दिसला तर पंपाचं सील गेलंय.

आयडलर किंवा टेन्शनरचं (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचं) बेअरिंग सुटं मिळत असेल तर त्याच्या कडेवर कोरलेला नंबर लिहून घ्या. उदाहरणार्थ 6203 म्हणजे आतून 17, बाहेरून 40 आणि रुंदीला 12 मिलिमीटर. नंबर तोच आणि दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं, नावाजलेल्या कंपनीचं घ्या. फार स्वस्त मिळालं तर नकली असण्याची शक्यता धरा.

आपल्या नागपुरात या बेअरिंगांचे हाल जास्त होतात. मे महिन्यात 45 अंशांच्या वर पारा, त्यात बोनेटखालची उष्णता, त्यामुळे ग्रीस पातळ होतं आणि लवकर वाळतं. पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचलं की लोक गाडी तशीच घालतात. ते गढूळ पाणी थेट पुल्यांवर उडतं. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला इंजिनावर प्रेशरचा फवारा मारू देऊ नका. त्या जोरात पाणी सीलच्या आत शिरतं.

बेल्ट काढूनही आवाज राहिला तर गोष्ट आतली आहे. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आत व्हॉल्व्ह चालवणारा वेगळा बेल्ट) असेल तर त्याचा टेन्शनर आधी बघून घ्या, यात टाळाटाळ नको. तो बेल्ट तुटला तर डिझेल इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. आवाज उभ्या गाडीत मुळीच नसून फक्त चढावर किंवा वर्धा रोडला जोर लावताना शिट्टीसारखा येत असता, तर मी टर्बोचे (इंजिनात जोराने हवा ढकलणाऱ्या भागाचे) पाइप आणि त्यांचे क्लॅम्प आधी तपासायला सांगितलं असतं. गाडी ओढत नाही आणि मागून काळा धूर येतो, ही त्याची सोबतची खूण. तुमचा आवाज उभ्यानेच येतो, म्हणून तो मार्ग शेवटी ठेवा.

तोवर गाडी शहरातल्या शहरात सांभाळून चालवा, लांबचा प्रवास टाळा. बॅटरीचा दिवा लागला किंवा तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर गेला, तर जागच्या जागी इंजिन बंद करून टोइंगवाल्याला बोलवा.