बुकिंग झालं, आता डिलिव्हरीपर्यंत काय करायचं?

अभिनंदन! पहिली इलेक्ट्रिक गाडी आणि तीही नुकतीच लाँच झालेली, त्यामुळे तारीख एकदा तरी पुढे जाणार हे धरूनच चाला, आणि डिलिव्हरीची तारीख तोंडी नको, लेखी घ्या. जुनी गाडी नवी दारात येईपर्यंत विकू नका, ही चूक मी केली आणि दोन महिने रिक्षाने फिरलो.

या काळातलं खरं काम म्हणजे घरचं चार्जिंग. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, कारण अर्थिंग नीट नसेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत. मीटरचा मंजूर लोड (एका वेळी किती किलोवॅट खेचायची मुभा आहे ते) पण बघा, ७.२ किलोवॅटचा चार्जर साधारण ३२ अँपिअर खेचतो, त्याला वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) हवाच. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवरही काम होतं, फक्त ६० किलोवॅट-अवरची बॅटरी रिकामीची फुल व्हायला वीसेक तास लागतात. पण रोजचं रनिंग ४०-५० किमी असेल तर रात्रभरात आरामात भरून निघतं, त्यामुळे घाबरू नका. सोसायटीत राहत असाल तर परवानगीचा अर्ज आजच द्या, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

गाडी ताब्यात घेताना:
- दिवसा जा, पेंट आणि काचा नीट बघा
- टायरवरचा उत्पादनाचा आठवडा-वर्ष वाचा
- घरच्यासारखं हळू (एसी करंटचं) आणि फास्ट, दोन्ही चार्जिंग तिथेच लावून बघा
- बॅटरी वॉरंटीचे कागद हातात घेतल्याशिवाय निघू नका

रेंजचे (एका चार्जमध्ये गाडी किती किमी जाते त्याचे) व्हिडिओ रोज बघत बसू नका, थंडी, वेग, एसी सगळ्याने आकडा बदलतो. बॅटरी किती टक्के ठेवायची वगैरे गाडी आल्यावर बोलू.